पान हेच निगेटिव्ह : होसकोट्याच्या उन्हात उमटणारी वनस्पतींची अमूर्त छायाचित्रे

पांढऱ्या कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि कपडा उन्हात वाळत घातला की हळूहळू उडून जातो, हे मराठी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. त्याच पिवळ्या डागावर एखादे पान ठेवून, वरून काच दाबून कपडा उन्हात ठेवला तर काय होईल? पानाखालची हळद टिकेल, भोवतालची उडेल आणि पान उचलल्यावर त्याची पिवळी आकृती मागे उरेल. यात कॅमेरा नाही, भिंग नाही, फिल्मही नाही. तरीही प्रकाशाने काढलेले चित्र या अर्थाने ते छायाचित्रच आहे.

छायाचित्रणाच्या आरंभकाळातील अशा हातमुद्रणाच्या पद्धतींना आज ‘पर्यायी छायाचित्रण प्रक्रिया’ असे म्हटले जाते. ‘पर्यायी’ हा शब्द तसा फसवा आहे. या पद्धती शोधल्या गेल्या तेव्हा त्या कशालाही पर्याय नव्हत्या. कागदावर चित्र उमटवण्याचा तोच मार्ग होता. पुढे कारखान्यात तयार होणारा कागद आला आणि त्या मागे पडल्या. त्यानंतर त्या कारखान्यांवरच पडदा पडू लागला. २००५ साली कोडॅक कंपनीने कृष्णधवल छपाईच्या कागदाचे उत्पादन थांबवले आणि त्याच वर्षी जर्मनीतील आग्फाफोटो कंपनी दिवाळखोरीत निघाली. तयार साहित्य दुर्मिळ होत गेले, तसे स्वतःच्या हाताने कागदावर रसायन फासणाऱ्या कलावंतांचे लक्ष या जुन्या कृतींकडे अधिक वळले. त्यांचा सर्वांत आवडता विषय होता वनस्पती, आणि त्यातही वनस्पतींचे अमूर्त रूप.

होसकोट्याचे ऊन

बेंगळुरूच्या पूर्वेला सुमारे २५ किलोमीटरवर, जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे हे तालुक्याचे ठिकाण आहे. कन्नडमध्ये ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. मराठी वाचकाला हे नाव इतिहासातून परिचित असेल. शहाजीराजांना आदिलशाहीकडून मिळालेल्या कर्नाटकातील जहागिरीत बेंगळुरू आणि कोलारबरोबर होसकोटेही होते. ऑगस्ट १७६८ मध्ये हैदर अलीने मुरारराव घोरपडे यांच्या छावणीवर रात्री हल्ला चढवला, तोही येथेच.

आज या परिसरात नाचणी आणि तुतीची शेते, भाजीपाला, फुलशेती, निलगिरीच्या रांगा आणि पाणपक्ष्यांना आसरा देणारा मोठा तलाव दिसतो. त्याच वेळी महानगराची वाढही या बाजूला वेगाने सरकत आहे. बेंगळुरू-चेन्नई द्रुतगती महामार्ग होसकोट्यापासूनच सुरू होतो.

वनस्पतींच्या छायामुद्रणाचा विचार करण्यासाठी असे ठिकाण विशेष बोधप्रद ठरते, कारण या चित्राला जे लागते ते बहुतांशी स्थानिक असते. कॅमेऱ्याने काढलेले चित्र कोठेही धुवा, कोठेही छापा, त्यात फारसा फरक पडत नाही. येथे मात्र ऊन, पाणी, हवेतील ओलावा आणि पाने या चारही गोष्टी त्या गावच्या असतात आणि चौघांचाही ठसा कागदावर राहतो.

त्यांपैकी ऊन येथे उदार आहे. होसकोटे विषुववृत्तापासून सुमारे १३ अंश उत्तरेस आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. या प्रक्रिया मुख्यतः सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांवर चालतात आणि उंचावर हे किरण अधिक प्रमाणात पोहोचतात. युरोपातील हिवाळ्यात ज्या चित्राला तासन् तास लागतात, ते येथे मार्च-एप्रिलच्या दुपारी काही मिनिटांत उमटते. पावसाळ्यात मात्र कागद नीट वाळत नाही, आभाळ भरून येते आणि अंदाज चुकतात.

निळ्या रंगाचे रसायन

या प्रक्रियांपैकी सर्वाधिक प्रचलित ती सायनोटाइप. इंग्लिश शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ती शोधून काढली. त्यांना चित्रे काढण्यापेक्षा सूर्यप्रकाशाचा रासायनिक परिणाम तपासण्यात रस होता. त्यांची कृती आजही जवळपास तशीच वापरली जाते.

१०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि वेगळ्या १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवून दोन द्रावणे तयार केली जातात. वापरण्याच्या वेळी दोन्ही समप्रमाणात एकत्र करून मंद पिवळ्या दिव्याच्या उजेडात ब्रशने कागदावर लावली जातात. अंधारात वाळलेला कागद हिरवट पिवळा दिसतो. त्यावर पान ठेवून काच दाबायची आणि कागद उन्हात न्यायचा. उन्हात लोहाच्या एका क्षाराचे दुसऱ्या क्षारात रूपांतर होते, तो फेरिसायनाइडशी संयोग पावतो आणि प्रशियन निळा हा न विरघळणारा रंग तयार होतो. पानाखाली ऊन पोहोचत नाही, त्यामुळे तेथील रसायन जसेच्या तसे राहते आणि पाण्याने धुताच वाहून जाते. उरते ते निळ्या पार्श्वभूमीवरचे पांढरे पान.

ही निळाई मराठी माणसाने चित्रांपेक्षा कार्यालयांत अधिक पाहिली आहे. ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द याच रसायनातून आला. इमारतींचे, पुलांचे आणि यंत्रांचे आराखडे अनेक दशके याच पद्धतीने नकलले जात. नंतर जांभळट रेघांच्या ‘अमोनिया प्रिंट’ आल्या, मग संगणकीय छपाई आली आणि रसायन गेले. शब्द मात्र राहिला. आजही सरकार एखाद्या योजनेची ‘ब्लू प्रिंट’ जाहीर करते.

वनस्पतींसाठी ही पद्धत सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली ती ॲना ॲटकिन्स यांनी. त्यांचे वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन हे शास्त्रज्ञ असून त्यांचा हर्शेल यांच्याशी परिचय होता. १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश शैवालांवरील एका मार्गदर्शक ग्रंथात चित्रेच नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी ॲटकिन्स यांनी प्रत्यक्ष शैवाले कागदावर पसरून त्यांचे सायनोटाइप काढण्यास सुरुवात केली. ऑक्टोबर १८४३ मध्ये त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग निघाला आणि पुढचे भाग १८५३ पर्यंत येत राहिले. छायाचित्रे असलेले जगातील पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. त्यातील मजकूरही त्यांच्या हस्ताक्षरात, त्याच निळ्या पद्धतीने छापलेला आहे.

ॲटकिन्स यांचा हेतू पूर्णतः शास्त्रीय होता. प्रत्येक चित्राखाली शैवालाचे लॅटिन नाव आहे. पण आज ती पाने पाहणाऱ्याला आधी दिसते ती निळ्या अवकाशात तरंगणारी, धाग्यांसारखी विखुरलेली पांढरी रचना, नाव त्यानंतर. शास्त्रीय नोंद आणि अमूर्त चित्र यांच्यातील सीमारेषा किती पातळ आहे, हे त्या पहिल्याच पुस्तकात दिसून आले होते.

पान चित्रात काय सोडते

‘अमूर्त’ म्हणजे मनास येईल तसे रंग फासणे, असा एक समज आहे. छायामुद्रणाच्या बाबतीत तो अगदीच अपुरा ठरतो. येथे पान हेच निगेटिव्ह असते आणि ते आपल्या स्वभावानुसार प्रकाश अडवते. तुतीचे कोवळे पान पातळ असल्याने त्यातून थोडा प्रकाश झिरपतो आणि शिरांचे जाळे उमटते. तुतीच्या एकाच झाडावर अखंड आणि खाचा असलेली अशी दोन्ही प्रकारची पाने सापडतात, ती शेजारी ठेवली तर एकाच वनस्पतीची दोन चित्रे आहेत यावर विश्वास बसत नाही. निलगिरीचे चिवट पान प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवते. त्याची कोयत्याच्या पात्यासारखी कोरी, पांढरी आकृती मिळते. अशी दहा-वीस पाने एकमेकांवर आडवी-उभी टाकली की झाड नाहीसे होते आणि केवळ भूमिती उरते.

पान कागदापासून जरा उचललेले असेल तर आणखी एक गंमत घडते. सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून सावलीची कड धूसर होते. कागदापासून १० सेंटिमीटर वर असलेल्या पानाच्या कडेला जवळपास १ मिलिमीटरची धूसर पट्टी येते. शिवाय सूर्य तासाला १५ अंश सरकतो. त्यामुळे दीर्घकाळ चाललेल्या मुद्रणात उभ्या देठाची सावली पंख्यासारखी पसरते. नाचणीचे कणीस कागदावर उभे धरून सकाळभर ठेवले तर कणसाचे चित्र मिळत नाही. त्या सकाळचे मिळते.

खरा अमूर्ताचा प्रदेश सुरू होतो तो ‘ओल्या सायनोटाइप’मध्ये. या प्रकारात रसायन लावलेला कागद वाळू दिला जात नाही, किंवा वाळल्यावर पुन्हा भिजवला जातो. ताजी पाने आणि फुले त्या ओल्या थरावर ठेवतात, मग त्यावर कोणी व्हिनेगरचे थेंब शिंपडते, कोणी मीठ भुरभुरते, कोणी साबणाचा फेस सोडते, तर कोणी चिमूटभर हळद टाकते. वर काच ठेवून हे सारे एक तासापासून अख्ख्या दिवसापर्यंत उन्हात राहते. काचेखाली पान तापते, घाम यावा तसे पाणी सोडते आणि त्याचा रस कागदात उतरतो. ज्या ठिकाणी आम्ल अधिक तेथे निळा रंग वेगळा होतो. फेसाचे बुडबुडे वर्तुळे सोडून जातात. हळदीचे पिवळे डाग निळ्यात मिसळून हिरवे होतात. धुतल्यानंतर पानाची बाह्यरेषा पुष्कळदा हरवलेली असते, पण त्याच्या आतल्या पाण्याचा आणि रसाचा ठसा मात्र स्पष्ट असतो.

हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. कॅमेरा वनस्पतीचे दिसणे टिपतो. ओला सायनोटाइप तिचे असणे टिपतो: तिची जाडी, तिचा ओलावा, तिचे आम्ल. डोळ्याला ओळखू न येणारे हे चित्र वनस्पतीच्या द्रव्याबाबत मात्र काटेकोर असते. म्हणूनच तेच पान, तेच रसायन आणि तीच काच घेऊनही दुसरे चित्र पहिल्यासारखे येत नाही.

सगळेच प्रयोग साधतात असे अर्थातच नाही. अनेकदा सर्व रंग एकत्र येऊन चिखलासारखा करडा थर उरतो. समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या प्रत्येक देखण्या ओल्या चित्रामागे फेकून दिलेल्या कागदांचा ढीग असतो, तो कोणी दाखवत नाही.

बोअरवेलचे पाणी आणि हिरडा

होसकोट्यात हे काम करणाऱ्याला सर्वांत आधी अडवते ते पाणी. प्रशियन निळा रंग आम्लात टिकतो, पण अल्कलीसमोर हार मानतो. कठीण खडकाच्या या प्रदेशात विहिरी आटल्या आणि भिस्त खोल कूपनलिकांवर आली. होसकोटे तालुक्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक असल्याची नोंद केंद्रीय भूजल मंडळाने केली आहे. खोलवरच्या अशा पाण्यात क्षार विरघळलेले असतात. ते जड, अल्कलीयुक्त पाणी चित्रावरून बराच वेळ वाहू दिले तर गडद निळाई फिकट होऊन पिवळसर डाग राहतात. उपाय साधा आहे: पहिल्या धुण्याच्या पाण्यात थोडे व्हिनेगर किंवा चिमूटभर सायट्रिक आम्ल घालायचे. साठवलेले पावसाचे पाणी मिळाले तर त्याहून चांगले. जलटंचाईची झळ अशी चित्राच्या रंगापर्यंत पोहोचते.

कागदाचेही तेच. दीर्घकाळ टिकावा म्हणून अनेक उंची कागदांत खडूसारखा अल्कलीयुक्त पदार्थ मिसळलेला असतो आणि तोच सायनोटाइपचा शत्रू ठरतो. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला, असा पदार्थ न मिसळलेला हातकागद त्यापेक्षा उपयोगी पडतो. पुण्यातील शिवाजीनगर येथे १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे असा कागद महाराष्ट्रातील चित्रकारांना अनेक पिढ्यांपासून परिचित आहे.

अल्कलीचा हा दोषच काही कलावंत गुणासारखा वापरतात. चित्र धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात बुडवून मुद्दाम फिके केले जाते आणि मग चहा किंवा कॉफीच्या अर्कात ठेवले जाते. त्यातील टॅनिन कागदात उरलेल्या लोहाशी संयोग पावते आणि निळ्याच्या जागी काळसर, जांभळट छटा येते. टॅनिन हिरड्यातही भरपूर असते. हिरडा आणि लोहाचा क्षार यांपासून काळी शाई करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, तसेच कापड रंगवतानाही हिरड्याचा उपयोग होत आला आहे. सायनोटाइपला हिरड्याच्या काढ्यात बुडवणारा कलावंत नकळत त्याच रसायनाशी नाते जोडतो.

फुलांच्या रसाचे न टिकणारे चित्र

ज्या वर्षी हर्शेल यांनी सायनोटाइप शोधला, त्याच वर्षी त्यांनी फुलांच्या रसांवरील प्रयोगही प्रसिद्ध केले. फुलांचा रस कागदावर लावून तो उन्हात ठेवला असता रंग उडतो, हे त्यांनी अनेक वनस्पतींवर तपासून पाहिले. स्कॉटिश विदुषी मेरी सॉमरव्हिल यांनीही वनस्पतींच्या रसांवर असेच काम केले आणि ते १८४६ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीला आज अँथोटाइप असे म्हणतात. हळदीच्या डागाचे तत्त्व ते हेच.

कृती स्वयंपाकघरात जमण्यासारखी आहे. पाकळ्या, पाने किंवा फळाची साल वाटून थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात भिजवायची, मलमलच्या फडक्याने गाळायची आणि रसाचे दोन-तीन हात कागदावर द्यायचे. अंधारात वाळलेल्या कागदावर पान आणि काच ठेवून तो उन्हात ठेवायचा. हळदीला काही तास पुरतात. नंतर टाकणखाराचे पाणी फिरवले की पिवळा रंग तांबूस तपकिरी होतो. कुंकू करताना हळदीला क्षार लागताच ती लाल होते, त्याच जातीचा हा बदल आहे. पालकाच्या हिरव्या रसाला काही दिवस लागतात. बीट, जास्वंद आणि गोकर्ण यांचा प्रत्येकाचा वेग निराळा. होसकोट्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत पिकणाऱ्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या ‘बेंगळुरू ब्लू’ द्राक्षांच्या सालीतील जांभळा रंगही या कामी येऊ शकतो. त्याला पुष्कळदा आठवड्यांची वाट पाहावी लागते.

येथे वनस्पती दोन्ही भूमिका करते. एका झाडाचा रस कागद होतो, दुसऱ्याचे पान निगेटिव्ह होते. रसायनाच्या दुकानात जावेच लागत नाही.

अडचण एकच, पण ती मोठी आहे. हे चित्र पक्के करता येत नाही. ज्या उन्हाने चित्र काढले तेच ऊन ते पुसतही राहते. हर्शेल यांना यावर उपाय सापडला नाही आणि खात्रीचा उपाय आजही नाही. अँथोटाइप भिंतीवर लावला तर महिन्यांत फिका पडतो, म्हणून तो वहीत किंवा बंद पेटीत ठेवावा लागतो आणि पाहणाऱ्याला थोडाच वेळ दाखवावा लागतो. विकत घेणाऱ्याला हे आधी सांगितलेच पाहिजे. सायनोटाइपची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रखर उजेडात तोही फिकट होतो, पण काही काळ अंधारात आणि मोकळ्या हवेत ठेवला तर बराचसा रंग परत येतो. चित्रालाही विश्रांती लागते, असे म्हणता येईल.

पानावरच चित्र उमटवण्याचा आणखी एक प्रकार आहे. व्हिएतनामी वंशाचे अमेरिकन कलावंत बिन्ह दान्ह यांनी हिरव्या पानांवर पारदर्शक चित्र ठेवून उन्हाने हरितद्रव्य उडवले आणि व्हिएतनाम युद्धातील माणसांचे चेहरे पानांवर आणले. ती पाने नंतर राळेसारख्या पारदर्शक पदार्थात बंद करण्यात आली.

फाळके यांची कुंडी

जुना, मुदत संपलेला कृष्णधवल छपाईचा कागद अनेक बंद पडलेल्या स्टुडिओंच्या कपाटांत अजूनही सापडतो. नेहमीच्या छपाईला तो निरुपयोगी असतो. पण त्यावर ताजे पान ठेवून अर्ध्या तासापासून दिवसभरापर्यंत उन्हात ठेवले, तर कोणतेही डेव्हलपर न वापरता गुलाबी, जांभळ्या आणि विटकरी छटा उमटतात. याला ल्युमेन प्रिंट म्हणतात. चांदीचे कण किती सूक्ष्म आहेत यावर रंग ठरतो आणि पानातून सुटलेला ओलावा त्यात बदल घडवतो. शेवटी हायपोच्या द्रावणात चित्र पक्के केले की ते टिकते, मात्र रंग उतरतात. ते रंग गमावू नयेत म्हणून काहीजण चित्र पक्के न करता स्कॅन करून घेतात आणि मूळ कागद काळ्या पाकिटात ठेवतात.

या चित्रात वेळ साठलेला असतो. वनस्पतीचा वेळ छायाचित्रात धरण्याचा एक प्रसिद्ध मराठी प्रयोग येथे आठवतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यानंतर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मिनिटभराच्या चित्रपटात रोप पाहता पाहता वाढते. फाळके मुळात बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे शिकलेले, ठसे करणारे कारागीर होते, हे अनेकदा विसरले जाते. त्यांनी महिनाभराची वाढ मिनिटात पसरली. ल्युमेन प्रिंट दिवसभराचे ऊन एका कागदावर थरावर थर रचते.

दापोडी, भायखळा, लालबाग

वनस्पतींच्या चित्रांची परंपरा आपल्याकडे कॅमेऱ्याच्या आधीपासूनची आहे. पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने काढलेली चित्रे आज एडिंबरा येथील वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. त्यांवर २००२ साली ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदवून ठेवले नाही. बेंगळुरूच्या लालबागेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चेलुवैया राजू यांनी उद्यानातील झाडांची रंगचित्रे काढली.

छायाचित्रणही येथे लवकर पोहोचले. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढीत. भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर कडू कवठाच्या तेलाचे प्रयोग केले. आज त्यांचे नाव धारण करणारे संग्रहालय भायखळ्याच्या राणीच्या बागेतच, म्हणजे वनस्पती उद्यानातच उभे आहे. वनस्पती आणि छायाचित्रण एकाच घरात असूनही त्यांची गाठ पडावी तशी पडली नाही, अशी रुखरुख वाटते. बेंगळुरूत २०२३ साली कला आणि छायाचित्रण यांना वाहिलेले ‘मॅप’ हे संग्रहालय सुरू झाले आहे.

काय तोडावे, काय टाकावे

निसर्गप्रेमाने सुरू झालेली ही कला निसर्गाला जड होऊ शकते, हे स्पष्ट बोलले पाहिजे. कास पठारासारख्या संरक्षित ठिकाणी फूल तोडण्यास मनाई आहे आणि दुर्मिळ वनस्पती चित्रासाठी उपटणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. गळलेली पाने, बाजारात उरलेली फुले आणि तण यांवर ही कला उत्तम चालते. घाणेरी आणि जलपर्णी यांचे सुंदर ठसे येतात. १९५६ मध्ये पुण्यात प्रथम नोंदले गेलेले आणि नंतर देशभर पसरलेले गाजर गवत तर बारीक कातरलेल्या पानांमुळे फारच देखणे उमटते; मात्र त्याने त्वचेला खाज आणि पुरळ येत असल्याने हातमोजे हवेतच. निलगिरीची नवी लागवड कर्नाटक सरकारने २०१७ साली बंद केली, पण उभी झाडे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांची पाने जमिनीवर पडलेलीच असतात.

रसायनांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. पोटॅशियम फेरिसायनाइडच्या नावातील ‘सायनाइड’ लोहाशी घट्ट बांधलेले असते, त्यामुळे सामान्य वापरात भीतीचे कारण नाही. परंतु तीव्र आम्लाशी किंवा प्रखर उष्णतेशी त्याचा संबंध आल्यास विषारी वायू निर्माण होतो. भांडी स्वयंपाकाची नसावीत. तपकिरी चित्रांसाठी लागणारे सिल्व्हर नायट्रेट डोळ्यांना घातक आहे. डिंकाच्या छपाईत वापरले जाणारे डायक्रोमेट कर्करोगकारक असल्याने नवशिक्याने त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे. धुण्याचे पाणी तलावात किंवा ओढ्यात सोडणे हा तर ज्यांची चित्रे काढली त्यांच्याशीच द्रोह ठरेल.

आणखी एक गोष्ट बहुतेक कलावंत टाळतात आणि ती सर्वांत सोपी आहे: चित्राच्या मागे पेन्सिलीने वनस्पतीचे नाव, जागा आणि तारीख लिहिणे. ॲटकिन्स यांचे शैवाल पावणेदोनशे वर्षांनंतरही ओळखता येते, कारण खाली नाव आहे. ओल्या सायनोटाइपमधील निळा-हिरवा डाग कोणत्या झाडाचा, हे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. ज्या बांधावरून ते पान उचलले तेथे आज रस्ता झाला असेल, तर तो कागद त्या बांधावरील वनस्पतीचा उरलेला मोजका पुरावा असू शकतो. पण नाव आणि जागा लिहिलेली असेल तरच.

तारखेचे महत्त्व होसकोट्यात आणखी एका कारणाने आहे. वर्षातून दोनदा, साधारण २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टला, बेंगळुरू परिसरात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला येणारा शून्य सावली दिवस तो हाच. ऑगस्टमध्ये बहुधा ढग असतात. एप्रिलमध्ये मात्र दुपारी सव्वाबाराच्या सुमारास कागदावर उभ्या ठेवलेल्या नाचणीच्या कणसाची सावली बाजूला कोठेच पडत नाही. ती सरळ त्याच्या पायाशी गोळा होते आणि पंधरा मिनिटांनी धुतलेल्या कागदावर उरतो तो एक लहानसा, ताऱ्यासारखा पांढरा ठिपका.